मोठा पडदा, गरम वडे आणि भिंतीवरची पाटी

ठाणे पश्चिमेला घरच्यांबरोबर मॅच बघत जेवता येईल, शेजारच्या टेबलावर दारूचे ग्लास आपटणार नाहीत आणि म्हाताऱ्या माणसाला पाठ टेकायला नीट खुर्ची मिळेल, अशी जागा शोधत असाल तर हे वाचा. हॉटेलचं नाव देत नाही, कारण पुढे मालकांना चार शब्द सुनावणार आहे आणि माणूस मनाने चांगला आहे. नौपाड्यात ‘पडदावालं हॉटेल’ म्हणून विचारलंत तर कोणीही दाखवेल. गाडी आणू नका. आणलीच तर गावदेवीजवळ लावा आणि चालत या. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीची गर्दी असते, तेव्हा तर रिक्षावालेसुद्धा "चालत लवकर पोचाल, ताई" म्हणून मोकळे होतात.

आम्ही गेलो ते नवरात्रातच. 28 सप्टेंबर 2025, रविवार, दुबईत भारत-पाकिस्तान आशिया चषकाची फायनल. मी, नणंद आणि सासरे. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. ऐंशीला टेकलेत, पण मॅच म्हटली की आधी चपला त्यांच्या पायात असतात.

आधी खाण्याचं सांगते, कारण तिथे तक्रारीला जागा कमी आहे. नणंदेचे नऊ दिवसांचे उपास. उपासाच्या ताटात साबुदाणा वडे, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही. वडे मागवल्यावर तळतात, म्हणून पंधरा मिनिटं लागतात. ती लागू द्यावीत. आतला साबुदाणा कच्चा नव्हता आणि वडा हातात तेल सोडत नव्हता. वऱ्याचे तांदूळ गिचका न झालेले मी बाहेर पहिल्यांदाच खाल्ले. मी कोळंबी मागवली, तेव्हा नणंदेने वेटरला विचारलं, "उपासाचं तेल वेगळं ना?" त्याने तोंडी हो म्हणून वेळ मारून नेली नाही. तिला आत नेऊन दोन वेगळ्या कढया दाखवल्या. अण्णांचं थालीपीठ खमंग होतं, वर लोण्याचा गोळा घरचा वाटावा इतका पांढरा. कोळंबी मात्र बेताची. मसाल्यात आंबटपणा जास्त आणि नग लहान.

मॅचच्या दिवशी माणशी किमान तीनशेचं बिल झालं पाहिजे, असा नियम आहे. टेबल फोनवर राखून ठेवतात, पण साडेसातला पोचलं नाही तर सोडतात. हे मला पटलं. पडदा मोठा, चित्र स्वच्छ. मध्ये एक खांब आहे, त्यामागची दोन टेबलं चुकूनही घेऊ नका, तिथून फक्त लेग साइड दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे तेव्हा मॅच मोबाइल ॲपवरून दाखवायचे, त्यामुळे चित्र मागे असायचं. समोरच्या इमारतीतून आधी आरोळी यायची, मग आपल्याकडे विकेट पडायची. हे मालकांना सांगितलं तर म्हणाले, "मग आरोळी ऐकून पडद्याकडे बघायचं, काही चुकत नाही." उत्तराला गुण दिले पाहिजेत.

आता पाटी. पडद्याच्या बरोबर खाली, लाल अक्षरांत: ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. पाय वर घेऊन बसू नये. राजकीय चर्चा करू नये.’ जुन्या हॉटेलांत अशा पाट्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत, त्यामुळे मला तिचं वावडं नव्हतं. पण गल्ल्याच्या मागे मालकांचा एका स्थानिक नेत्याबरोबर हस्तांदोलन करतानाचा फोटो, फ्रेम करून, हार घालून. दारावर त्याच नेत्याच्या नवरात्रीच्या शुभेच्छांचा फलक. म्हणजे राजकारण हॉटेलात आहेच, फक्त गिऱ्हाइकाने करायचं नाही.

शेजारच्या टेबलावर निळ्या जर्सीतली चार पोरं होती, कॉलेजची असतील. मॅच सुरू झाली आणि त्यांची पण. एक म्हणाला, "मुळात खेळायलाच नको होतं. पहलगामला सव्वीस माणसं मारली आणि आपण पाच महिन्यांत यांच्याशी फायनल खेळतोय." दुसरा म्हणाला, "अरे, खेळात राजकारण कशाला आणतोस?" त्यावर तिसऱ्याने विचारलं, "मग हात का नाही मिळवत आपण? ते काय आहे?" चौथा खाण्यात होता. आवाज चढले तसे मालक आले आणि बोटाने पाटी दाखवून म्हणाले, "दादांनो, वाचा जरा. हवं तर बॅटिंगवर बोला."

बॅटिंगवर बोलायला पाकिस्तानने फारसा वेळ दिला नाही. 1 बाद 113 वरून सगळे 146 वर गारद. कुलदीपने चार घेतल्या. पोरं नाचली, मालकांनी सगळ्यांना एकेक पेढा दिला, आणि तेवढ्यात आमचे अण्णा शांतपणे म्हणाले, "त्या मुलाला उत्तर कोणी दिलंच नाही."

ते खरं होतं. 14 सप्टेंबरच्या पहिल्या सामन्यापासून कर्णधार सूर्यकुमारच्या भारतीय संघाने नाणेफेकीला हात मिळवला नाही की सामन्यानंतर. जिंकल्यावर त्याने तो विजय सैन्याला अर्पण केला. पाकिस्तानने मॅच रेफ्री बदला म्हणून हट्ट धरला आणि पुढचा अमिरातीबरोबरचा सामना तासभर उशिरा सुरू झाला. म्हणजे राजकारण बाहेर ठेवावं की आत आणावं, हा प्रश्नच उरला नव्हता. ते आत येऊन बसलं होतं. प्रश्न एवढाच होता की जे केलं ते नेमकं काय होतं. बहिष्कार होता? सामना तर खेळला. निषेध होता? मग तो खेळाडूंचा होता की वरून आलेला?

मालक लांब गेल्याचं बघून अण्णांनी पोरांकडे खुर्ची वळवली. "डेव्हिस कप ठाऊक आहे का रे? टेनिसचा?" एकाला ठाऊक होता. "1974 साली आपण रशियाला हरवून फायनलला गेलो. सेमीफायनल पुण्यात झाली. मी ठाण्याहून गेलो होतो, नवीन नोकरी, खोटी रजा टाकून. विजय अमृतराज आणि आनंद, दोघे भाऊ. फायनल दक्षिण आफ्रिकेशी होती. आपण खेळलोच नाही. तिथे वर्णभेद होता म्हणून सरकारने नको सांगितलं. कप त्यांना बसल्या जागी मिळाला. आपल्याला आजपर्यंत एकदाही नाही."

पोरं गप्प. मग पहिला म्हणाला, "काका, तेच तर मी म्हणतोय."

"तू म्हणतोयस ते बरोबर की चूक ते नंतर बघू," अण्णा म्हणाले, "पण तू म्हणतोयस ते पूर्ण आहे. हे जे पडद्यावर चाललंय ते अर्धं आहे."

मी शाळेत पी.टी. शिकवते. वीसेक वर्षं मुलांना मैदानावर उभं करते आहे, त्यामुळे माझंही एक मत आहे आणि ते अण्णांच्या जवळ जातं. 1974 साली आपण सोडलं ते मोठं होतं. कप होता, दोन भावांची उमेदीची वर्षं होती. आणि दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत अन्याय खेळाच्या बाहेर कुठे नव्हताच, संघनिवडीतच होता. कातडीचा रंग बघून संघ निवडणाऱ्याला ‘खेळ वेगळा, राजकारण वेगळं’ म्हणायची सोय नसते. 1968 मध्ये इंग्लंडने बेसिल डी’ऑलिव्हेराला संघात घेतलं, तर तो गौरेतर म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने दौराच नाकारला. 1970 मध्ये ऑलिंपिक समितीने त्यांना काढलं, त्याच साली क्रिकेटमधूनही ते बाहेर पडले, आणि परत आले ते 1991 च्या नोव्हेंबरात, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, आपल्याशीच खेळायला. एकवीस वर्षं. तो बहिष्कार चालला, कारण कोणी अर्धा पाळला नाही असं मी म्हणणार नाही (बंदी मोडून फुटीर दौरे पैशासाठी झालेच), पण दार बंद होतं ते बंद होतं.

दुबईत आपण काय सोडलं? सामने खेळलो, तिन्ही. गुण घेतले. जाहिराती झाल्या. ऑगस्टमध्ये सरकारचं धोरणच आलं होतं की पाकिस्तानशी दोन देशांपुरती मालिका नाही, पण बऱ्याच देशांची स्पर्धा असेल तर खेळायचं. तशी मालिका शेवटची झाली तीही 2012-13 च्या थंडीत. हे धोरण म्हणून मला समजतं. ज्यांची माणसं गेली त्यांना ही मॅच बघवत नसेल, तेही समजतं. त्या पहिल्या पोराच्या आवाजात ते होतं आणि मला त्याला गप्प करावंसं वाटलं नाही. पण खेळायचं ठरलं की समोरचा अकरा जणांचा संघ आपण स्वीकारला. मग सामना घ्यायचा, पैसे घ्यायचे, आणि फक्त हात द्यायचा नाही, यात निषेधाला किंमत काय पडली? नणंदेला हे पटलं नाही. ती म्हणाली, "वहिनी, काहीच न करण्यापेक्षा एवढं तरी केलं." तिच्या बाजूने हॉटेलातली बहुतेक टेबलं होती, हे मान्य करते.

मध्यंतरात चहा आला. इथला चहा आल्याचा, काचेच्या ग्लासात, आणि साखर विचारून घालतात. चहा पिताना मला नेहमी पळवणकर बाळू आठवतो, आणि मी तो मुलांनाही सांगते, कारण पुस्तकात नसतो. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचा डावखुरा फिरकी गोलंदाज, चांभार समाजातला. पुण्याच्या हिंदू संघाला तो गोलंदाजीला हवा होता, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला, तरी हिंदूंचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. 1920 मध्ये पुन्हा डावललं, तेव्हा त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतलं. त्यांनाही तेव्हा कोणीतरी म्हणालंच असेल की बाबांनो, खेळात हे कशाला. तीन वर्षांनी विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला. मुंबईचं क्रिकेट धर्माप्रमाणे संघ पाडून खेळलं जात होतं आणि त्याला कोणी राजकारण म्हणत नव्हतं; दोन भाऊ घरी बसले ते मात्र राजकारण.

माझा राग आहे तो इथे. पाटी नेहमी खालच्याला दाखवतात. ऑलिंपिकच्या सनदेत नियम 50 आहे: मैदानावर राजकीय, धार्मिक, वांशिक प्रचार नको. 1968 ला मेक्सिकोत अमेरिकेच्या टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय धावपटूंनी वर्णद्वेषाविरुद्ध पदकाच्या पायरीवर काळे हातमोजे घालून मूठ उंचावली, त्यांना खेळांतून घरी पाठवलं. पाठवणारे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज. हेच ब्रंडेज 1936 ला अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचे प्रमुख होते आणि हिटलरच्या बर्लिनला जायलाच हवं म्हणून भांडले होते. तिथे सगळं मैदान स्वस्तिकांनी भरलं होतं, ते चाललं. त्याच बर्लिनमध्ये आपल्या हॉकी संघाने फायनलआधी कपडे बदलायच्या खोलीत काँग्रेसच्या तिरंग्याला सलाम केला, असं ध्यानचंदांनी लिहून ठेवलंय. बाहेर ब्रिटिशांचा झेंडा, आत आपला. मग जर्मनीला 8-1.

मेक्सिकोच्या त्या फोटोत तिसरा एक गोरा माणूस उभा आहे, त्याच्याकडे कोणी बघत नाही. पीटर नॉर्मन, ऑस्ट्रेलियाचा, रौप्यपदक. कार्लोस आपले हातमोजे विसरला होता; एकेक वाटून घ्या, असं नॉर्मननेच सुचवलं, म्हणून एकाची उजवी मूठ वर आहे आणि दुसऱ्याची डावी. नॉर्मनने छातीवर त्यांच्या चळवळीचा बिल्ला लावला, एवढंच. 1972 ला तो ऑलिंपिकला गेला नाही. त्याची 200 मीटरची 20.06 सेकंद ही वेळ ऑस्ट्रेलियात 2024 च्या डिसेंबरपर्यंत कोणाला मोडता आली नव्हती. मोडली ती गाऊट गाऊट नावाच्या सोळा वर्षांच्या पोराने, 20.04. नॉर्मन 2006 मध्ये गेला तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस आले होते. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने माफी मागितली 2012 मध्ये. मी धावण्याचा तास घेते तेव्हा हा फोटो मुलांना दाखवते, आणि पहिला प्रश्न दर वर्षी तोच येतो: "बाई, हा यांच्यात काय करतोय?"

क्रिकेटवाले वेगळे नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाने 2023 च्या डिसेंबरात पर्थला बुटांवर लिहिलं की सगळ्यांचे जीव सारखे. क्रिकेटची जागतिक संघटना आयसीसीने ते झाकायला लावलं. त्याने दंडावर काळी फीत बांधली, त्याला समज दिली. 2019 मध्ये रांचीला आपला अख्खा संघ सैन्याच्या टोप्या घालून उतरला, त्याला त्याच आयसीसीची परवानगी होती. दोन्हींना परवानगी द्या, किंवा दोन्हींना नको म्हणा. एकटा खेळाडू स्वतःच्या मनाने, स्वतःची मॅच-फी पणाला लावून काही म्हणतो, त्याला मी तरी अडवणार नाही. मला पटो न पटो. मंडळं आणि सरकारं खेळाडूंच्या अंगावर आपलं राजकारण चढवतात, नियम लावायचा तर तिथे लावा. पण लावणार कोण? आशियाई क्रिकेटचे अध्यक्ष मोहसीन नक्वी पाकिस्तानचे गृहमंत्री. आयसीसीचे अध्यक्ष आपल्या गृहमंत्र्यांचे चिरंजीव. पाटी लिहिणारे हे.

असो, मॅच. आपले 3 बाद 20 झाले तेव्हा हॉटेलात भांड्यांचे आवाज ऐकू यायला लागले. मग तिलक वर्मा. साथीला आधी संजू, मग दुबे, आणि शेवटच्या षटकात तिलकचा षटकार. विजयाचा चौकार रिंकूचा. तिलक नाबाद 69. अण्णा उभे राहिले, मला हात धरावा लागला. वेटर मुलगा ट्रे घेऊन नाचला आणि एकही ग्लास पडला नाही.

आणि मग खरी करमणूक. बक्षीस समारंभ काही सुरू होईना. मध्यरात्र उलटली. पडद्यावर रिकामं व्यासपीठ, बाजूला नक्वी उभे, आपली पोरं मैदानात लोळलेली. एका तासाहून जास्त वेळ हॉटेलातली सगळी माणसं एका रिकाम्या व्यासपीठाकडे बघत होती. वेटर खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायला लागले, पण मालकांनी पडदा बंद केला नाही. त्यांनाच बघायचं होतं. शेवटी भारत नक्वींच्या हातून चषक घेणार नाही असं जाहीर झालं, नक्वी गेले, चषकही गेला, आणि सूर्यकुमारने रिकामे हात वर करून साजरा केला. मालक न राहवून म्हणाले, "बरोबर केलं! मंत्र्याच्या हातून कशाला घ्यायचा? खेळात मंत्र्यांचं काय काम?"

अख्ख्या हॉटेलाने एकदम पाटीकडे बोट दाखवलं. मालक लाजले. बिलातून चहा काढले.

त्या आठवड्यात आमच्या शाळेची चौदा वर्षांखालच्या मुलांची मॅच होती. संपल्यावर माझा विकेटकीपर धावत आला: "बाई, हात मिळवायचा की तसंच जायचं?" समोरची शाळा घोडबंदर रोडची. भांडण काहीच नाही, पोरांना फक्त टीव्हीवरचं करून बघायचं होतं. मी म्हटलं, "मिळवायचा. आणि नाही मिळवायचा असेल तर का ते त्यांच्या कॅप्टनला स्वतः जाऊन सांगायचं." गेला आणि मिळवून आला. नंतर आयसीसीने सूर्यकुमारला त्याच्या वक्तव्यासाठी आणि पाकिस्तानच्या हारिस रौफला मैदानातल्या हातवाऱ्यांसाठी मॅच-फीच्या 30 टक्के दंड केला, ते वाचून त्याने मला विचारलं की 30 टक्के म्हणजे किती. ते मला सांगता आलं नाही.

नोव्हेंबरच्या 2 तारखेला महिला विश्वचषकाची फायनल नेरूळच्या डी. वाय. पाटीलला होती. ठाण्यातून गाडीने पाऊण तासावर फायनल आणि तिकीट नाही, म्हणून पुन्हा इथेच. पावसाने दोन तास उशीर, तरी टेबल सोडायला लावलं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं. दीप्तीने पाचवी विकेट घेतली तेव्हा बायकांच्या टेबलांवरून जो आवाज आला तो समोरच्या इमारतीच्या आधीचा होता. ॲपऐवजी केबल घेतली होती. पाटी तिथेच आहे, फोटोही.

खाण्याला पाचपैकी चार, पडद्याला आता चार, खांबामागच्या टेबलांना शून्य. तिघांचं बिल उपासाच्या ताटासकट तेराशेच्या आत आलं. मोठ्या मॅचला दोन दिवस आधी फोन करा, म्हातारं माणूस बरोबर असेल तर खिडकीकडची पाठीच्या खुर्च्यांची टेबलं मागून घ्या, आणि साबुदाणा वडे नवरात्र संपल्यावर फक्त सोमवारी, गुरुवारी आणि चतुर्थीला असतात.